शिरवळचा ळ आणि दुचाकीवरचा वाटाड्या

प्रवासवर्णनावर बोलण्याची वेळ आली की आपल्या चर्चासत्रांमधून हल्ली एक विधान हमखास कानी पडते. 'जीपीएस आले आणि प्रवासातले हरवणेच हरवले', असे ते विधान. त्यावर सभागृहात समंजस हुंकार उठतात, एखादे ज्येष्ठ समीक्षक 'यंत्राने माणसाचे कुतूहल मारले' अशी पुस्ती जोडतात, आणि चहाची वेळ होते. या विधानाला आमचा विरोध आहे. तो केवळ तपशिलाचा नाही. आपल्या काळातील एका अत्यंत महत्त्वाच्या मजकुराकडे, म्हणजे नकाशाकडे, पाठ फिरवण्यासाठी वाङ्मयाच्या अध्यापकांना हे विधान सोयीचे झाले आहे, म्हणून हा विरोध आहे.

प्रथम आमच्याविषयी. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे. आणि सुट्टी मिळाली की दोघेही मोटारसायकलवर लांबच्या वाटेला निघतो. आमच्या बहुतेक प्रवासांचा आरंभ शिरवळला होतो. नीरेचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा मागे राहतो आणि सातारा जिल्हा सुरू होतो. तेथून सरळ दक्षिणेला खंबाटकी चढून साताऱ्याला जाता येते, पश्चिमेला भोरवरून वरंध घाटाने महाडला उतरता येते, पूर्वेला लोणंद-फलटणची वाट धरता येते. गेले काही महिने दुचाकीवर बसवण्यासाठी जीपीएस कोणते घ्यावे आणि ते कसे लावावे, या खटपटीत आम्ही होतो. प्रश्न दुकानात सुटेल अशी आमची समजूत होती. पण तो जसजसा उलगडत गेला तसतसे ध्यानात आले की यातला अर्धा प्रश्न विजेच्या तारांचा आहे, आणि उरलेला अर्धा थेट मराठी विभागाचा आहे.

हरवण्याच्या कौतुकाचा समाचार आधी घेऊ. हरवण्यात सौंदर्य दिसते ते कोणाला? ज्याच्या टाकीत पेट्रोल आहे, खिशात पैसे आहेत, आणि उद्या कामावर हजर होण्याची सक्ती नाही, त्याला. विष्णुभट गोडसे वरसईहून १८५७ साली उत्तरेकडे निघाले, ते हौसेखातर नव्हे, तर दक्षिणेच्या आशेने. बंडाच्या धामधुमीत, झाशीच्या वेढ्यात सापडलेल्या त्या भिक्षुकाला वाट चुकणे म्हणजे काय हे नेमके ठाऊक होते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'माझा प्रवास'ला आपण मराठी प्रवासवर्णनाचा मानबिंदू मानतो; पण त्या पुस्तकातील प्रवाशाला सुरक्षित वाटेची आस आहे, हरवण्याची नव्हे. हरवणे हे मूल्य आहे, ही कल्पना आपण फार अलीकडे आणि फार आरामात बसून उभी केली आहे.

आणि आजचे हरवणे तरी कोठे निरुपद्रवी आहे? जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कोतूळच्या बाजूने अकोल्याकडे रात्री निघालेली एक मोटार मोबाइलवरील नकाशाच्या सांगण्यावरून थेट पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली. पूल धरणाच्या पाण्यात बुडालेला होता. गावाला ते माहीत होते, नकाशाला नव्हते. चालकाचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. तेथेही वाट दाखवणारा पडद्यावरील नकाशाच होता. तेव्हा 'यंत्रामुळे हरवणे संपले' हे विधान वस्तुस्थिती म्हणूनही खोटे आहे. हरवणे संपलेले नाही. ते अधिक आत्मविश्वासाने होऊ लागले आहे, इतकेच.

आमचाही एक अनुभव सांगण्याजोगा आहे. एका संध्याकाळी भोरकडून शिरवळला परतताना आम्ही यंत्राला 'सर्वांत जवळची वाट' विचारली. यंत्राने दाखवलेली वाट आधी डांबरी होती, मग खडीची झाली, मग उसातली बैलगाडीवाट झाली. अंधार पडत आलेला. बांधावरून एका गृहस्थांनी हाक मारली, "अवो पाव्हणं, कुठं निघालासा? फुडं पाणी हाय." आम्ही गाडी थांबवली. "मामा, मोबाइलमध्ये तर रस्ता दाखवतोय," आमच्यापैकी एकजण म्हणाला. त्यावर ते हसून म्हणाले, "त्येला म्हणावं, धरण होऊन लई वर्सं झाली." पुढे पन्नास पावलांवर जुना रस्ता खरोखरच फुगवट्याच्या पाण्यात उतरत होता. दिवसा तो दिसला असता. रात्री, दिव्याच्या झोतात, ओल्या डांबराची आणि पाण्याची चमक सारखीच असते.

येथे हरवण्याचे भक्त म्हणतील, 'पाहा, शेवटी माणूसच उपयोगी पडला!' पडला खरा. पण बांधावर त्या वेळी कोणी नसते तर? माणसाला विचारण्याचे महत्त्व आम्हांला कोणी शिकवण्याची गरज नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. त्या गृहस्थांना जे ठाऊक होते ते नकाशात का नव्हते? आणि ते तेथे नेऊन ठेवणे हे कोणाचे काम आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर 'जीपीएस' या शब्दाखाली आपण किती वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबतो ते पाहिले पाहिजे. उपग्रहांची व्यवस्था अमेरिकेच्या संरक्षण खात्याची. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह केवळ आपली वेळ आणि आपले स्थान सांगत असतात. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की आपल्या हातातील यंत्र त्यांवरून अक्षांश, रेखांश आणि उंची काढते. मे २००० पर्यंत नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळली जात असे. ती थांबवली गेली आणि मगच ही व्यवस्था रस्त्यावरच्या माणसाच्या खऱ्या उपयोगाची झाली. भारतानेही 'नाविक' ही स्वतःची व्यवस्था उभारायला घेतली आणि तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडला. पण यांपैकी कोणत्याही उपग्रहाला शिरवळ ठाऊक नाही. अठरा अंशांच्या किंचित पलीकडचे एक अक्षांश आणि चौऱ्याहत्तरच्या जवळचे एक रेखांश, एवढेच त्याच्या हिशेबातून निघते. त्या बिंदूखाली गाव आहे, त्याचे नाव अमुक, तेथून फुटणारा रस्ता डांबरी, दुसरा पाण्याखाली गेलेला, हे सारे सांगतो तो नकाशा. आणि या नकाशावरून कोणत्या रस्त्याने जावे हे ठरवते ती आणखी निराळी आज्ञावली. उपग्रह, ग्राहकयंत्र, नकाशा आणि वाट निवडणारी आज्ञावली या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्या संध्याकाळी उपग्रह अचूक होता, यंत्रही अचूक होते. आम्ही उभे होतो तेथेच ते आम्हांला दाखवत होते. जुना होता तो नकाशा.

नकाशा हा मजकूर आहे, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना समजावून सांगायला अवघड जाऊ नये. त्याला कर्ता असतो, आवृत्ती असते, काळ असतो, गाळलेल्या जागा असतात. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाचे नकाशे काढले ते प्रथम कंपनी सरकारच्या सैन्यासाठी आणि महसुलासाठी. स्वातंत्र्यानंतरही हे नकाशे दीर्घकाळ संरक्षणाच्या नावाखाली कुलुपात राहिले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी आणि लष्करी नकाशांच्या मालिका वेगळ्या केल्या. फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना नकाशे तयार करण्याची वाट बरीचशी मोकळी केली. या इतिहासाचा ठसा आजच्या पडद्यावर आहे. आणि मजकूर जुना झाला, भ्रष्ट झाला तर काय करायचे असते, हे मराठीच्या अध्यापकाने तरी दुसऱ्या कोणाला विचारू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती आपण दरवर्षी पहिल्या सत्रात शिकवतो. नकाशाचीही पाठशुद्धी करावी लागते. फरक इतकाच, की येथे अपपाठामुळे परीक्षेतले गुण जात नाहीत, माणूस जातो.

आता यंत्राच्या निवडीकडे येऊ. येथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींशी आमचा वाद आहे. महागडे यंत्र घेतले की प्रश्न मिटला, असे त्यांना वाटते. दुचाकीसाठी खास बनवलेली यंत्रे आहेत. गार्मिनची 'झूमो' मालिका हे त्यांचे सर्वांत परिचित उदाहरण. त्यांचे गुण खरे आहेत. हातमोजे घालून पडदा चालवता येतो, भर उन्हात तो वाचता येतो, पाऊस आणि धूळ ती सोसतात, इंजिनच्या कंपनांनी त्यांचे काही बिघडत नाही. मोबाइलचे तसे नाही. शक्तिशाली मोटारसायकलींच्या इंजिनची कंपने हँडलवर लावलेल्या आयफोनच्या कॅमेऱ्याला बाधक ठरू शकतात, असे ॲपलनेच सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले होते. तिसरा मार्ग गाडीतच बसवून मिळणाऱ्या दर्शकाचा. रॉयल एन्फिल्डने २०२० साली 'मिटिऑर'वर 'ट्रिपर' आणले, त्यात केवळ वळणाचा बाण दिसे. २०२३ च्या 'हिमालयन'वर गोल पडद्यात पूर्ण नकाशा आला. पण तो दर्शक मोबाइलवर अवलंबून असतो, हे ध्यानात ठेवायला हवे.

आमचे मत असे. ज्याला वर्षातून दोनदा लडाख किंवा स्पिती गाठायचे आहे त्याने खास यंत्र घ्यावे. सह्याद्रीत फिरणाऱ्या अध्यापकाला एक जुना, कॅमेऱ्याची फिकीर नसलेला मोबाइल, कंपने शोषणारी भक्कम पकड, आणि पावसापासून बचाव करणारे आवरण एवढे पुरते. वीज गाडीच्या बॅटरीकडून घ्यावी, पण मध्ये फ्यूज असावा, आणि जोडणी किल्लीबरोबर चालू-बंद होणारी असावी. नाहीतर सकाळी गाडीच सुरू होत नाही. हे काम रस्त्याच्या कडेला हौसेने करू नये, ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. पडदा नजरेच्या टप्प्यात असावा, पण टाकीवर नको; मान खाली घालून घाट चढणारा स्वार आम्ही पाहिला आहे. शक्य तर पडद्याकडे पाहूच नये, शिरस्त्राणात आवाज ऐकावा. आणि खरेदी करताना दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. पहिला प्रश्न असा असावा: 'यात गावांची नावे देवनागरीत दिसतात का?' आम्ही हा प्रश्न विचारला तेव्हा समोरच्या तरुणाने आमच्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती आम्ही विसरलेलो नाही.

यंत्र घेणे हे काम लहान. त्याची मांडणी हे मोठे. जे पर्याय कारखान्यातून येतात ते मोटारवाल्या माणसासाठी असतात. यंत्राला आपण दुचाकीवर आहोत हे सांगितले नाही तर मुंबईला जाताना ते द्रुतगती महामार्गावर घालते, आणि तेथे दुचाकीला बंदी आहे. 'टोल टाळा' हा पर्याय पुष्कळजण उगाच चालू ठेवतात. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. मग खेड-शिवापूर आणि आनेवाडीचे नाके टाळण्यासाठी यंत्र आपल्याला गल्लीबोळांतून का फिरवत आहे, हे कळत नाही. 'सर्वांत जवळची वाट' हा पर्याय तर आमच्या अनुभवानंतर आम्ही कायमचा सोडला आहे. 'कच्चे रस्ते टाळा' हा पर्याय पावसाळ्यात चालू, उन्हाळ्यात ऐच्छिक. वाट चुकली की यंत्र आपोआप नवी वाट आखते; तेथे 'आधी विचारा' ही सूचना देऊन ठेवावी. पुणे, सातारा, रायगड यांचे नकाशे घरूनच उतरवून घ्यावेत, कारण वरंध घाटात नेटवर्क मिळेल या भरवशावर राहू नये. आणि वरंध घाटाचेच म्हणाल तर जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तो रस्ता खचला, त्यानंतरच्या पावसाळ्यांतही तो वेळोवेळी वाहतुकीस बंद ठेवला गेला. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश वर्तमानपत्रात येतो, फाट्यावर फलक लागतो. उतरवून घेतलेल्या नकाशाला त्याचा पत्ता नसतो. खंबाटकीचेही तसेच. साताऱ्याकडे जाणारी वाहतूक वर्षानुवर्षे घाट चढून गेली आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून आली. पुढे नव्या जोडबोगद्यांचे काम हाती घेतले गेले. अशा प्रत्येक बदलाबरोबर नकाशातील बाण बदलावे लागतात. तेव्हा निघण्यापूर्वी नकाशाच्या आवृत्तीची तारीख पाहणे ही पुस्तकाचे मुखपृष्ठ उलटून आवृत्ती पाहण्याइतकीच प्राथमिक शिस्त आहे.

येथपर्यंतचे सारे एखादा जाणता मेकॅनिकही सांगेल. यापुढचे मात्र त्याचे काम नाही.

आमच्या यंत्राच्या इंग्रजी आवाजाने सुरूरच्या फाट्यावर वाईचा उच्चार 'व्हाय' असा केला. आम्ही हसलो. लोणंदचा ण गेला, वेळ्याचा ळ गेला, तेव्हा हसू कमी होत गेले. रोमन लिपीत ल आणि ळ एक, न आणि ण एक, त आणि ट एक, द आणि ड एक, अ आणि आ एक. सर्वेक्षण विभागाच्या ज्या हंटर पद्धतीने आपली गावे रोमनमध्ये गेली तीत यांतल्या काही भेदांसाठी चिन्हांची सोय होती; व्यवहारात ती चिन्हे गळून पडली. उरले ते रोमन शिरवळ. त्यावरून उलट देवनागरीत यायचे तर शिरवल, शिरवाल, शिरवळ, शिरवाळ असे चार पाठ संभवतात, आणि यंत्राला त्यांतला खरा कोणता हे कळण्याचा काही मार्ग नाही. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने आपल्या नकाशांतील नावे मराठीसह दहा भारतीय भाषांत आपोआप लिप्यंतरित करण्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्याकडे आनंद व्यक्त झाला. आम्हांलाही तो झाला. पण जे नाव मुळात देवनागरीतले, ते रोमनमध्ये जाऊन तेथे आपले अर्धे वर्ण सोडून परत यावे, आणि त्या परतलेल्या नावाला आपण 'मराठी नकाशा' म्हणावे, ही मराठीच्या अध्यापकाने निमूट स्वीकारण्याची गोष्ट आहे काय? 'माळ' आणि 'माल' यांतील भेद ज्याला अर्थभेदक वर्णांच्या तासाला शिकवावा लागतो, त्याने तो नकाशात पुसला गेलेला चालवून घ्यावा काय?

हा उच्चाराचा हट्ट नाही, वाटेचाच प्रश्न आहे. शिरवळ ज्या तालुक्यात आहे त्याचे नाव खंडाळा. महाराष्ट्राला ठाऊक असलेले खंडाळा लोणावळ्याजवळचे. म्हणूनच आपली माणसे 'पारगाव-खंडाळा' म्हणतात. यंत्राला नुसते 'खंडाळा' सांगितले तर बोरघाटाची वाट दिसण्याची शक्यता असते. वाठार म्हणाल तर एक वाठार स्टेशन, एक वाठार निंबाळकर, एक कराडजवळचे, एक वडगाव तर्फेचे. बुद्रुक आणि खुर्द हे शब्द फारसीतून आले. मोठे आणि लहान असा त्यांचा अर्थ. एकाच नावाची दोन गावे त्यांनीच वेगळी ठेवली. नकाशात त्यांची दोन-दोन रोमन अक्षरे झाली, आणि यंत्र त्यांचा उच्चार अक्षरे सुटी वाचून करते. 'फाटा' हा तर मराठी रस्त्याचा कणा. फाटा हे महसुली गाव नव्हे. गाव आत दोन-तीन किलोमीटरवर असते. पण एस.टी. थांबते फाट्यावर, चहा मिळतो फाट्यावर, पत्ता सांगितला जातो तो फाट्याचा. गावांच्या सरकारी यादीवरून काढलेल्या नकाशात जे नाही ते नेमके वाटसरूला हवे असते. राष्ट्रीय महामार्ग ४ चा क्रमांक २०१० च्या फेररचनेत ४८ झाला. पण शिरवळच्या नाक्यावर आजही 'एनएच फोर' म्हटले तरच लोकांना कळते. अशी जुनी, पर्यायी, बोलीतली नावे नोंदवून ठेवणे हे कोशकाराचे काम आहे. ते आपल्यावाचून कोण करणार?

आपल्या परंपरेत हे काम झालेले आहे, हे तरी आपण विसरू नये. महानुभावांची 'स्थानपोथी' काय आहे? चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, ती स्थाने कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला, याची ती नोंद आहे. उपग्रहांच्या कित्येक शतके आधी मराठी गद्याने स्थाननिश्चितीचे काम हाती घेतले होते. लीळाचरित्रातील एकेका लीळेला गावाचे नाव आहे. ज्ञानदेवांची पालखी वाल्ह्याहून नीरेला येते, नदीत पादुकांना स्नान होते, आणि लोणंदला मुक्काम पडतो. हा सारा मार्ग नावांच्या माळेने लक्षात ठेवला गेला आहे. १८८५ साली निघालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरने इंग्रजांच्या सोयीसाठी का होईना, गावोगावची माहिती गोळा केली. आपण काय केले? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा महाविद्यालयांतून पेढे वाटले, ग्रंथदिंड्या निघाल्या. आम्हीही पेढा खाल्ला. त्याच दिवशी महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येक दुचाकीवरच्या मोबाइलमध्ये आमच्या गावाचे नाव रोमन लिपीत होते, आणि त्याबद्दल एकाही ठरावात एक ओळ नव्हती.

'हे काम संगणकवाल्यांचे', हा पहिला आक्षेप येईल. तो चुकीचा आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा कोणालाही दुरुस्त करता येतो. त्यात प्रत्येक गावाच्या, ओढ्याच्या, खिंडीच्या नावापुढे मराठी नावासाठी स्वतंत्र रकाना आहे. जुन्या आणि पर्यायी नावांसाठीही आहे. त्यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही. शुद्ध मराठी लिहिता येण्याची गरज आहे. 'ओस्मअँड', 'ऑरगॅनिक मॅप्स' यांसारखी उपयोजने हाच नकाशा वापरतात आणि तो उतरवून घेता येत असल्याने घाटात नेटवर्काविना चालतात. आज भरलेला ळ पुढच्या आवृत्तीत कोणा अनोळखी स्वाराच्या पडद्यावर उमटतो. बुडालेल्या रस्त्याची दुरुस्तीही तेथेच करता येते. त्या संध्याकाळनंतर आम्ही पहिले काम केले ते हे, की तो पाण्यात उतरणारा रस्ता नकाशात तोडला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: 'मोठ्या कंपन्यांसाठी फुकट राबायचे काय?' या शंकेत तथ्य आहे, आणि म्हणूनच आम्ही खुल्या परवान्याचा नकाशा सुचवतो आहोत. तेथे भरलेली नावे कोणा एकाच्या मालकीची होत नाहीत. कंपन्या ती वापरतील, तशी ग्रामपंचायतही वापरेल आणि रुग्णवाहिकेचा चालकही वापरेल. भाषा अशीच चालते. कोशातील शब्द कोण वापरतो यावर आपण जकात बसवत नाही.

तिसरा आक्षेप वाङ्मयीन आहे, आणि तो आमच्याच मित्रांकडून येईल: 'हे वाङ्मयाचे काम नव्हे.' तसे असेल तर ग्रामनामांचा अभ्यास, बोलींचे सर्वेक्षण, लोकसाहित्याचे संकलन हेही वाङ्मयाचे काम नव्हते, आणि आपल्या विभागांची निम्मी कपाटे रिकामी करावी लागतील. नामाभ्यासावरचे किती प्रबंध ग्रंथालयात धूळ खात पडून आहेत! त्यांतील नावे नकाशात गेली तर त्या प्रबंधांना परीक्षकांच्या पलीकडे पहिला वाचक लाभेल.

आमचा प्रस्ताव साधा आहे. एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून आपल्या गावाच्या परिसरातील पन्नास स्थाननामे घ्यावीत. ती टेबलावर बसून भरू नयेत, आणि इतर कोणत्याही कंपनीच्या नकाशावरून उतरवू तर मुळीच नयेत. ते नियमबाह्य आहे आणि निरुपयोगीही. गावात जावे, तीन वेगवेगळ्या पिढ्यांच्या माणसांकडून नावाचा उच्चार ऐकावा, ओढा, माळ, खिंड, फाटा, पार यांची नावे विचारावीत, पावसाळ्यात कोणता रस्ता बंद होतो ते नोंदवावे, आणि मग ते देवनागरीत नकाशात घालावे. पाठभेद आढळले तर तेही नोंदवावेत. अध्यापकाने ते तपासावे. शिरवळचेच पाहा. नीरेकाठी सुभानमंगळचे अवशेष आहेत, जवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. पण तेथे जाणाऱ्या वाटेला, वाटेतल्या ओढ्याला, वरच्या माळाला गावात काय म्हणतात, हे विचारायला आपल्यापैकी कोण गेले आहे?

हरवण्याच्या कौतुकाकडे शेवटी एकदा परत येतो. आम्ही यंत्र लावले म्हणून वाट विचारणे सोडलेले नाही. उलट, आता आम्ही अधिक विचारतो, कारण विचारून मिळालेले उत्तर आमच्यापाशी संपत नाही. गेल्या महिन्यात शिरवळच्या चहाच्या टपरीवर आम्ही गाडीवरचा मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि मालकांना विचारले, "काका, ह्या ओढ्याला काय म्हणता तुम्ही?" त्यांनी नाव सांगितले, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या आजोबांनी ते दुरुस्त केले, दोघांचा थोडा वाद झाला, चहा गार झाला. आम्ही दोन्ही नावे लिहून घेतली. वर्गात आपण ज्याला पाठचिकित्सा म्हणतो ती यापेक्षा फार वेगळी असते असे आम्हांला वाटत नाही.

वाचकांपैकी जे अध्यापक आहेत त्यांनी आपल्या विभागाच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडावा, जे विद्यार्थी आहेत त्यांनी अध्यापकांची वाट न पाहता आपल्या गावापासून आरंभ करावा, आणि ज्यांना आमचे म्हणणे पटले नसेल त्यांनी ते का पटले नाही हे सविस्तर लिहावे. तूर्त इतकेच.